केरबा परत कसा आला?

कोल्हापूर,
ता. ५ फेब्रुवारी २०२४

ती. रुद्रय्याकाकांना शांभवीचे शरणार्थ. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की काकू म्हणतात गल्ली गोळा होते, म्हणून लिहायला बसले. तुमच्या ‘तारकायान’ मालिकेची नऊही पुस्तकं आमचं प्रकाशन एकत्र काढणार आहे आणि तपासायचं काम माझ्याच टेबलावर आलंय. शाळेत असताना ती मी पाठ केली होती. आता हातात लाल पेन घेऊन वाचल्यावर मात्र घाम फुटला.

कप्तान राजवीर दुसऱ्या पुस्तकात चौतीस वर्षांचा आहे. मग अकरा वर्षं प्रवास करतो आणि सातव्या पुस्तकात एकतिसाव्या वाढदिवसाला पेढे वाटतो. तिसऱ्यात त्याचा डावा हात तुटून तिथं पोलादी हात बसतो. पाचव्यात पोलादी हात उजवीकडे गेलाय, आणि आठव्यात टाळ्या वाजवून त्याचे दोन्ही तळवे लाल होतात. ताज्या दुधासाठी यानात घेतलेल्या म्हशीचं पुढं काय झालं, तेही कुठं नाही.

हे सगळं चालून जाईल, पण केरबा मिस्त्रीचं काय करायचं? चौथ्या पुस्तकात तो सूर्याजवळ इंजिन बंद करायला जातो आणि जळून खाक होतो. ते दीड पान वाचून मी वर्गात रडले होते. आणि सहाव्याच्या पहिल्याच पानावर तो मांडी घालून झुणका-भाकरी खातोय! यानातलं कुणी त्याला कुठं होतास म्हणून विचारतसुद्धा नाही. आमचे साहेब म्हणतात, एक तर खुलासा द्या, नाही तर शेवटच्या चार पुस्तकांतून केरबाला काढून टाका. मार्चअखेर छपाई आहे.

काकूंना शरणार्थ. रागावू नका, रागावलात तरी उत्तर धाडा.

तुमची,
शांभवी


गडहिंग्लज,
ता. १० फेब्रुवारी २०२४

चि. शांभवीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. मी चौतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, त्यामुळे विज्ञानाच्या चुका मला दाखवू नकोस. यान अतिवेगाने गेले की वय कमी वाढते. ते आणखी जोरात गेले तर थोडे उतरणारच. हाताचे म्हणशील तर कप्तान आरशासमोर उभा असेल. आणि म्हैस मागच्या कप्प्यात आहे. रोज तिचा उल्लेख कशाला? तुझ्या घरात फ्रिज आहे, पत्रात लिहिलास का?

केरबाला मात्र मी मारले, आणि चांगले दीड पान खर्चून मारले. तो पुढे कुठे जेवत बसला असेल तर तो छापणाऱ्याचा घोळ. छापून आलेले माझे पुस्तक मी कधीच वाचत नाही. मास्तराने स्वतःचीच उत्तरपत्रिका तपासू नये. माझ्या कच्च्या वह्या कोल्हापूरच्या एसटीने पाठवतो आहे, ताडून बघ. केरबा काढून टाका म्हणजे तुम्हीही सुटाल आणि मीही.

काकूची तब्येत ठीक. तिने तुझ्यासाठी शेंगाचटणी वह्यांच्या गठ्ठ्यातच घातली आहे. वहीला तेल लागल्यास तो दोष तिचा.

तुझा,
रुद्रय्याकाका


कोल्हापूर,
ता. १७ फेब्रुवारी २०२४

ती. काकांना शरणार्थ. वि. वि.

वह्या पोचल्या. चटणी ऑफिसात एका दुपारीत संपली.

आता शांतपणे वाचा. तुमच्या सहाव्या ते नवव्या वहीत केरबा कुठंच नाही. छापील पुस्तकात मात्र तो पानोपानी आहे, आणि खरं सांगू, लोकांना जे आठवतं ते सगळं त्याचंच. शत्रूच्या यानासमोर कप्तानाचं भाषण तुमच्या वहीत चार पानं आहे. छापलेल्या पुस्तकात ते अर्ध्या पानावर थांबतं, कारण केरबा म्हणतो, “कप्तान, भाषण आवरा, इंजिन तापलंय.” हे वाक्य आमचे साहेब आजही मीटिंगमध्ये वापरतात. त्यांनाच आता त्याला काढताना जड जातंय.

छापणारा कशाला एवढं लिहील? काका, त्या वेळी तुमच्या वहीवरून पक्की प्रत कोण करायचं?

लवकर कळवा. मला उगाच चोर पकडल्यासारखं वाटतंय.

तुमची,
शांभवी


गडहिंग्लज,
ता. ४ मार्च २०२४

चि. शांभवीस अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. कारण ऐक.

तुझे पत्र मी मोठ्याने वाचले. तुझी काकू तांदूळ निवडत होती. पक्की प्रत कोण करायचे, हे वाचताच मी तिच्याकडे बघितले, कारण नऊच्या नऊ पुस्तके तिनेच सुवाच्य अक्षरात उतरवून दिली होती. तिने मान वर न करता सांगितले, “मीच बसवला त्याला जेवायला.”

चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिला फारसा फरक पडला नाही. पाचव्या दिवशी सहावे पुस्तक उघडले आणि आठवडाभरात नववे संपवले. माझीच पुस्तके, पण पुढे काय होणार हे मला ठाऊक नव्हते. दोनदा हसलो. दोन्ही वेळा केरबालाच.

तुला ठाऊक नसेल, केरबा म्हणजे काकूचा भाऊ महांतेश. चंदगडहून काजूचा ट्रक चालवायचा. माझे पहिले पुस्तक त्याने पाहुण्यांसमोर वाचून दाखवले आणि सगळ्यांना हसवले, तो राग मी धरून होतो. म्हणून चौथ्यात त्याला जाळला. त्याच वर्षी तो वडिलांशी भांडून निघून गेला होता आणि कुठे आहे याचा पत्ता नव्हता. मी मात्र त्या दीड पानावर खूश होतो. आणि ते पान पक्के करायला तिच्याच हातात दिले होते. तिने ते एक अक्षरही न बदलता उतरवले. तिला काय वाटले असेल, ते मी विचारले नाही.

केरबा राहील, साहेबांना सांग. मुखपृष्ठावर दोघांचीही नावे येतील. आधी कुणाचे, यावर घरात बोलणी चालू आहेत. खुलासा तेवढा तिच्याकडून तू घे. मी विचारले तर म्हणते, तुम्हाला काय करायचे आहे?

तुझा,
रुद्रय्याकाका


गडहिंग्लज,
ता. ११ मार्च २०२४

चि. शांभवीला मल्लव्वाकाकूचे पोटभर आशीर्वाद.

पुस्तकातली भाषा पुस्तकात. तुला मी बोलते तशीच लिवते.

केरबा कसा वाचला म्हनून तुझा साहेब इचारतोय. मला म्हाईत न्हाय. सहावं पुस्तक लिवताना महांतेशला जाऊन दीड वरीस झालं हुतं. आमची आई रोज त्येच्या वाटणीची भाकरी झाकून ठेवायची आन सकाळी म्हशीला घालायची. हितं तर तो येत न्हवता, म्हनून मी त्येला तिकडं यानात आनून बसवला. काकांना कळलं तर कळलं, असं म्हनलं. त्येंना चाळीस वर्सं लागली.

मग पुढं महांतेश खराच आला की. भर दुपारी आला, पाय धुतलं, चुलीपाशी बसला आन पाच भाकऱ्या खाल्ल्या. आमच्या बानं सुदीक कुठं गेलतास म्हनून इचारलं न्हाय. तो वारला त्येलाबी आता सात वर्सं झाली, पन ती तीन वर्सं तो कुठं हुता ते आजून आमाला ठावं न्हाय. माणूस परत आला की आधी ताट वाढायचं. सांगावंसं वाटलं तर तो सांगंल. तुझ्या साहेबाला हेच सांग, आन छापायचं तर हाय तसं छाप.

दुसरं म्हंजे, मी दहावं पुस्तक लिवायला घेतलंय. आता कच्चं माझं आन पक्कं तुझ्या काकांचं. अक्षर कोंबडीचे पाय हायत, पर बसतात रोज. काल त्येंनी कप्तानाला हळूच दोन पानांचं भाषण घातलं. मी पान फाडलं आन म्हनलं, परत उतरवा. गपगुमान उतरवत्यात.

लेकरांना जप, आन कामातनं सवड काढून आमच्याकडं चार दिस ऱ्हायला ये.

तुझी,
मल्लव्वाकाकू