यांचं किल्लीचं घड्याळ

मंगळवार, तांबरम. दिवेलागणीनंतर.

किळस आली आहे, अजून जात नाही. दुपारी माझी लेक वसुधा आली, यांचं किल्लीचं घड्याळ मागायला. ती विमान चालवते. आखाताकडे जाताना कुणीतरी जमिनीवरून खोटे उपग्रह-संकेत सोडतं म्हणे. विमानाला वाटतं आपण भलतीकडेच आहोत. त्यातलं घड्याळही चुकतं. समोर डोंगर नसताना डोंगर आला म्हणून यंत्र ओरडतं.

"मग काय करता?"

"ते ओरडणं बंद करतो, अम्मा. सवय झालीय. वेळ मनगटावर बघायची."

सवय? माणसांनी भरलेल्या विमानाशी खोटं बोलायचं, आणि बाकीच्यांनी त्याची सवय करून घ्यायची. आंधळ्याला विहिरीकडे वळवणारी ही जात. थू.

"टी. नगरच्या बाजारात नवं मिळेल की."

"मिळेल. पण अप्पांचं घड्याळ कुणाचं ऐकत नाही."

"तुझे अप्पा तरी कुणाचं ऐकायचे?"

दोघी हसलो. मग विचारलं, भीती वाटते का. ती घड्याळाचा पट्टा आवळत राहिली. सवय झालीय म्हणे.

हे गेल्यापासून रोज दिवा लावला की त्या घड्याळाला मी किल्ली देते. यांचं तेवढंच एक काम माझ्याकडे उरलं होतं. "फार पिळू नकोस," एवढं सांगून देऊन टाकलं.

आज दिवा लावला आणि हात कपाटाकडे गेला. तोंड न दाखवणाऱ्या कुणा हलकटामुळे घड्याळाची डबी रिकामी.

ती आता वर असेल. किल्ली दिली असेल ना तिनं?