गुरुवारचा अख्खा मसूर

आबा, डब्याचं काम आता माझ्याकडे आहे. तुम्ही होता तेव्हा मला कुकरच्या शिट्ट्याही नीट मोजता येत नव्हत्या, त्यामुळे तुमचा विश्वास बसणार नाही, पण गेली सहा वर्षं घरातले दोन्ही डबे मीच भरतो. तुमच्या सूनबाईची ड्यूटी सातला सुरू होते, माझी आठला. ती इथं सांगलीतल्या एका हॉस्पिटलात सिस्टर आहे, मी कारखान्यात तपासणीच्या टेबलावर. सकाळच्या घाईत दोघांनी ओट्यापाशी एकमेकांना कोपरं मारत भांडायचं की एकानं उठून गुमान काम उरकायचं, असा प्रश्न आला तेव्हा मी म्हटलं, मी करतो. कारखान्यातली पोरं मला लांगरी म्हणतात. त्यांना वाटतं ते मला चिडवतायत. माझा बाप पलटणीत खरोखरचा लांगरी होता, दीडशे जवानांचं जेवण रांधायचा, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

रविवारी दुपारी आम्ही दोघं टेबलाशी बसून आठवड्याचं ठरवतो. ती वहीचं पान फाडून वार लिहिते आणि ते पान फ्रिजवर चिकटवते. मंगळवारी कडधान्य भिजवलं की गुरुवारी मोड. पालेभाजी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी, नाहीतर फेकायची. रसभाजी असेल तर भाकरी, सुकी असेल तर चपाती, कारण तिला जेवायला बारा मिनिटं मिळतात आणि कोरडा घास गिळत बसायला वेळ नसतो. कांदा-खोबऱ्याचं वाटण रविवारीच करून तीन छोट्या डब्यांत भरून वर बर्फाच्या कप्प्यात ठेवतो. बायको म्हणते, तुम्ही डबा भरता की मोहीम काढता. पण चालतं. आमच्या लग्नात तुम्ही दिलेले दोन एकसारखे डबे अजून तेच आहेत. सगळी भांडी नाव घालून आली होती, तुमचे डबेच तेवढे कोरे. "नाव कशाला? ज्याच्या हाताला जो यील, त्यानं त्यो न्यावा. आत एकच आसलं पायजे," तुम्ही म्हणाला होतात.

आणि चव घेणं. तेही तुमचंच. मी आठवीत असेन. आई जाऊन वर्ष झालं होतं, तुम्ही पेन्शन घेऊन पाटणकडच्या आपल्या गावी आला होता आणि माझ्या शाळेच्या डब्याचं तुम्ही पलटणीसारखं वेळापत्रक केलं होतं. शेजारच्या काकूंच्या घरी सुतक होतं म्हणून त्यांच्याकडे न्यायला तुम्ही मटकीची उसळ केली आणि शेताकडे जाता जाता मला सांगितलंत, चाखून बघ आणि पोचव. मला मटकी आवडत नव्हती. मी न चाखता पोचवली. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, मीठ कसं होतं? मी म्हटलं, बेताचं. तुम्ही माझ्याकडे बघत राहिला. मीठ तुम्ही घातलंच नव्हतं, तुमच्या घाईत राहून गेलं होतं, आणि ते तुम्हाला बांधावर आठवलं होतं. मारलं नाहीत. मला घेऊन काकूंच्या दारात गेला आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "चुकी माजी हाय, पन ह्यो खोटं बोलला ही त्येची." मग घरी येताना वाटेत म्हणालात, "पलटणीत सुभेदार साहेब जेवायच्या आदी लांगरी घास घेतो. आपल्या हातानं धाडायचं तर आदी आपल्या पोटात गेलं पायजे. न्हाईतर त्यो डबा न्हाई रं, नुसतं पार्सल हाय." तुम्ही उपास कधी धरला नाहीत. लोक नास्तिक म्हणायचे. तुमचं म्हणणं एवढंच, रांधणाऱ्यानं उपास धरला तर चव कोण बघणार.

मी गुरुवार धरतो. तुम्ही गेल्यानंतरच धरला. तुमच्यासाठीच धरला असं म्हणालो तर तुम्ही हसाल.

आता ते सांगतो ज्यासाठी कागद घेतलाय. हॉस्पिटलात दुपारी चौघी-पाच जणी एकत्र बसतात, सगळ्यांचे डबे मधे. त्यांच्यात एक मावशी आहेत, वॉर्डात झाडपूस आणि पेशंटचं सगळं नको नको ते काम करणाऱ्या. मूळ जतकडच्या, आता शहराबाहेर राहतात, दारात एक म्हैस आहे. त्या बाटलीभर ताक आणायच्या आणि सगळ्यांना वाटायच्या. माझा अख्खा मसूर त्या घोळक्यात गाजलेला. गुरुवारी सिस्टर मसूर आणणार, हे इतकं ठरलेलं की त्यांच्या ग्रुपवर बुधवारीच आठवण यायची. मी मोठा डबा भरून द्यायचो. माणसाला कौतुक गोड लागतं, आबा, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी मिळालेलं तर फारच.

तीन आठवड्यांपूर्वीच्या बुधवारी आमच्या भागात दिवसभर लाइट नव्हती. आम्ही दोघं कामावर, संध्याकाळी घरी आलो तर फ्रिज चालू. गुरुवारी सकाळी वाटणाचा डबा काढला तर वरच्या झाकणाला बर्फाचा वेगळाच थर, आत पाणी सुटून परत गोठलेलं. मी वितळवून वास घेतला. खोबरं आंबलं की कसा वास येतो ते मला माहीत आहे. तो होता. थोडा होता, पण होता. मसूर शिजून तयार, घड्याळात सहा वाजायला आलेले, नवं वाटण करायला ना नारळ घरात ना वेळ हाताशी. मी कांदा-लसूण मसाला नेहमीच्या दुप्पट घातला आणि गुळाचा खडा टाकला. दिवसभर हातात मापाचं गेज घेऊन कारखान्यात दुसऱ्यांनी बनवलेले सुटे भाग नापास करणारा माणूस मी. शेजारी ती वेणी घालत उभी होती. म्हणाली, "तुमचा गुरुवार आहे, मी बघू का चव?" मी म्हणालो, "उशीर होतोय, आवर."

एवढंच म्हणालो, आबा. उपासाच्या आड लपलो असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण उपास माझा होता. तिचा नव्हता. ती चमचा पुढे करत होती आणि मी तो अडवला, कारण तिनं चाखलं असतं तर डबा रिकामा गेला असता आणि पाच जणींसमोर गुरुवारचा मसूर नाही असं तिला सांगावं लागलं असतं.

साडेतीनला फोन आला. तिचा नव्हता, तिच्या मैत्रिणीचा. तिघींना उलट्या, तिघींना सलाइन, त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच हजर झालेली, अंगावर पिणारं पोर घरी. मी गाडी कशी चालवत गेलो ते आठवत नाही. वाटेतला एक सिग्नल तोडला एवढं आठवतं. वॉर्डात पोचतो तर ती कॉटवर, ओठ पांढरे, आणि पलीकडच्या कॉटवर ती बाळंतीण, तिची आई डोक्याशी बसून विचारतेय की आता पोराला पाजायचं की नाही. डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत बघू. मी कॉटच्या दांडीला धरून उभा. बायको डोळे न उघडता म्हणते, "मावशींचं ताक आंबट होतं हो." आणि मी म्हणतो, "असेल."

दुसऱ्या दिवशी सगळ्या उठून बसल्या, बाळही ठणठणीत राहिलं. माझ्या जिवात जीव आला आणि त्याच वेळी माझं तोंडही बंद झालं. मावशींना कोणी काही बोललं नाही. फक्त पुढच्या सोमवारपासून त्यांचं ताक मधे घेणं बंद झालं, मग त्यांचा डबा, मग त्यांना हाक मारणं. बायकोनंच मला सांगितलं, जरा अवघडून. "त्या आता जिन्याखाली बसून जेवतात. आम्ही काही म्हटलं नाही, त्यांचं त्याच तिकडे बसल्या. हात धुतात की नाही कोण जाणे, असं एकजण म्हणाली." आणि मी चपात्या लाटत राहिलो. बावीस वर्षं दुसऱ्यांची घाण उपसून हात धुणाऱ्या बाईच्या हाताबद्दल माझ्या घरात हे बोललं गेलं, आणि माझं लाटणं थांबलं नाही.

परवा कारखान्यातून लवकर सुटून तीनच्या सुमारास मी बायकोला आणायला गेलो होतो. ती अजून बाहेर यायची होती. मावशी पिशवी घेऊन फाटकातून बाहेर आल्या. मी गाडीवरून उतरलो आणि काही ठरवायच्या आत बोलून गेलो. म्हणालो, "मावशी, तुमच्या ताकानं काही झालं नव्हतं. माझं वाटण आंबलं होतं. मला माहीत होतं, तरी मी डबा दिला."

त्या दचकल्या नाहीत. पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"मला ठावं हाय," म्हणाल्या. "त्या दिशी ताक समद्यास्नी वाटलं, माज्यापुरतं उरलंच न्हाई. मी मसूर-भाकरीच खाल्ली. घरी गेल्यावर माजंबी प्वाट गेलं की."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"कुनी इचारलंच न्हाई. आन सिस्टरनी मला वाटीभर जादा वाडलं हुतं. म्हनल्या, मावशी, तुमाला आवडतं, घ्या. त्येंचं नाव कसं घिऊ?" मग थोडं जवळ येऊन, "आवं, तुमी त्यास्नी आता सांगू नगा. त्या समद्यांत तोंड कसं दावतील? माजं काय, मला जिन्याखाली वारं लागतंय चांगलं."

तेवढ्यात बायको पायऱ्या उतरून आली. तिनं मावशींकडे बघितलं नाही आणि मावशींनी वाट सोडून दिली. गाडी चालू झाल्यावर तिनं मागून विचारलं, "काय म्हणत होत्या?" मी म्हणालो, "गाडी किती ॲव्हरेज देते, विचारत होत्या." ती हसली. म्हणाली, "मावशींना कशाला हवंय ॲव्हरेज?" तिचा हात माझ्या खांद्यावर होता. ती माझ्यावर कशाचाच संशय घेत नाही, आबा, आणि मी सांगितलं तर उद्यापासून प्रत्येक डबा उघडताना घेईल. मला सगळ्यात भीती त्याची आहे. तिच्या रागाची नाही.

मावशी नको म्हणाल्या ना, मग त्यांचं ऐकायला हवं, असं मी त्या दिवसापासून घोकतोय. पण खरं सांगू? त्या "सांगू नगा" म्हणाल्या तेव्हा मला लाज वाटली नाही. बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरलं आणि घरी येऊन मी पोटभर जेवलो. लाज दुसऱ्या दिवशी आली.

आत्ता रविवार आहे. बायको बाजारात गेलीय आणि तिच्या वहीतल्याच पानांवर मी हे लिहितोय. सुरुवातीला वर तिचं नाव लिहिलं होतं. दोन ओळी झाल्यावर ते पान फाडलं आणि नव्या पानावर "आबा" लिहिलं. तुम्ही जिवंत असता तर तुम्हालाही लिहिलं नसतं. तुम्ही वाचून चपला घातल्या असत्या आणि माझं मनगट धरून मला त्या पाच जणींसमोर नेऊन उभं केलं असतं. आता तुम्ही उठू शकत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.