मुक्या पडद्यावरचं बोलणं

सोमवार, ८ फेब्रुवारी १९३२

शेठ बोलपट काढणार! सकाळी कंपनीच्या पटांगणात आम्हा सगळ्यांना उन्हात उभं केलं आणि सांगितलं. मुंबईहून आवाज धरायचं यंत्र येतंय. "ज्याला बोलता येतं तो राहील. बाकीच्यांनी आपापल्या गावी जाऊन कांदे लावावेत." सगळे नायकाकडे बघायला लागले. नायक पेशावरचा. सहा वर्षं नाशकात राहून त्याला मराठीचे तीनच शब्द येतात — चहा, पान आणि उद्या. तो आपला हसत होता. काय चाललंय ते त्याला कळलंच नव्हतं.

मी निर्धास्त होतो. शेठला गाठून म्हटलं, नायकाच्या मित्राचं काम माझं ना? आठ वर्षं ह्या कंपनीत पडतोय मी. विहिरीत पडलो, गाढवावरून पडलो, रामकुंडात धोतरासकट पडलो. माझ्या पडण्यावर ही कंपनी उभी आहे. शेठ सुपारी कातरत म्हणाला, "वाल्मीक, तू पडतोस झकास. पण बोलतोस कसा, ते कुणी ऐकलंय?"

येवल्याला परत जाऊन भावाच्या शेजारी मागावर बसायचं? मेलो तरी नाही. तिथं आमचे वडील अजून लोकांना सांगत असतात — थोरला पैठणी विणतो, धाकटा नाशकात आपटतो.

बुधवार, १० फेब्रुवारी

मला बोलता येत नाही म्हणे! मूकपटात मी जेवढा बोललोय तेवढा एखादा कीर्तनकार बोलला नसेल. पडद्यावर ओठ हलताना दिसायला हवेत ना. दिग्दर्शक सांगतो, "आवाज काढू नका, माझं ओरडणं ऐकू येत नाही. नुसती तोंडं चालवा, काहीही म्हणा." मग कोणी रामरक्षा म्हणतो, कोणी पावकीचे पाढे. मी शेठला शिव्या देतो. अस्सल येवल्याच्या, मागावर घोटलेल्या. शेठ समोर खुर्चीत बसून मान डोलावतो — "वा! चेहऱ्यावर काय भाव आहेत!" भाव येणारच. मनापासून देतो.

हे फक्त इसाकला ठाऊक आहे. इसाक आमचा कॅमेरावाला. त्याला मीच सांगितलं. आता मी तोंड उघडलं की तो हँडल फिरवता फिरवता खुदखुदतो आणि चित्र हलतं. "तेरा क्या जाता है, नौकरी मेरी जाएगी," म्हणतो.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

आमची मैना आज दिवसभरात चार शब्द बोलली. त्यातले दोन "पान वाढलंय". नाव ठेवताना सासऱ्यानं काय पाहिलं कोण जाणे.

शनिवार, १३ फेब्रुवारी

शेठनं परीक्षा काढली. उद्या थेटरात "जावईबापूंची सायकल" लावायची. दोन वर्षांपूर्वीचं माझं चित्र. शेठ स्वतः लोकांत बसणार आणि बघणार — लोक मला हसतात की सायकलला. पास झालो तर बोलपटात काम. नापास झालो तर येवला.

एकच धास्ती आहे — तांबट आळी. ती माझी सासुरवाडी. माझं चित्र लागलं की सबंध आळी हातोड्या टाकून पुढचे बाक धरते. बायका त्यांच्या जागेत, मैना त्यांच्यात. इथवर ठीक. पण ही माणसं भलत्याच ठिकाणी हसतात! मी पडलो की गप्प. आणि मी नुसता उभा राहून तोंड हलवतोय, पडद्यावर संवादाची पाटी नाही, पाट्या वाचून दाखवणारा जांभई देतोय, पेटीवाला घाम पुसतोय — तिथं ह्यांचा गडगडाट. "सायकल"मध्ये मी नटीच्या पायांवर लोळण घेतो. बाकी थेटर खुर्च्या मोडतं. आळी मात्र सुतक पडल्यासारखी बसते.

दिवसभर ठोक्यांच्या आवाजात बसून डोकी बधिर झालीत, दुसरं काय!

मैनाला म्हटलं, तुझ्या माणसांना सांग, उद्या जरा नीट हसा, माझ्या पोटाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "ते नीटच हसतात."

रविवार, १४ फेब्रुवारी

मध्यरात्र उलटलीय. तरी लिहितो.

चित्र संपलं. शेठ बाहेर आला आणि थेट माझ्या सासऱ्यापाशी गेला. हा बुधाजी तांबट माझा सासरा, हे शेठला ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीनं पुढच्या बाकावरचा एक म्हातारा. मी मागेच उभा. शेठ म्हणाला, "बाबा, तो ठोंब्या नुसता उभा होता आणि तुम्ही लोक पोट धरून हसत होता. कशाला?"

"तो बोलला त्याला."

"बोलला? अहो, मूकपट आहे हा!"

बुधाजी शांतपणे म्हणाला, "आमच्या आळीत सकाळपासून ठोकाठोकी. हाक मारून उपयोग नाही. आम्ही पाळण्यातून बाहेर आलो की ओठ बघून बोलायला शिकतो. बायका ह्या माडीवरून त्या माडीवर भांडतात, आवाज न काढता. ह्याचे ओठ तर पडद्यावर हातभर दिसतात."

आठ वर्षं! अठरा चित्रं!

शेठनं विचारलं, मग काय बोलला? आणि बुधाजीनं सांगितलं. सगळं. शब्दाला शब्द. "झाडाखाली म्हणाला, आमचा शेठ म्हणजे कढईला लागलेलं पिठलं, खरवडल्याशिवाय सुटत नाही. सायकलवर बसताना म्हणाला, ह्या सायकलीला हवा कमी पडली तर शेठचं पोट जोडा." शेठचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. मी येवल्याच्या गाडीची वेळ आठवायला लागलो.

"आणि नटीच्या पाया पडताना? तिथं तुम्ही हसला नाहीत. तिथं काय म्हणाला?"

तेव्हा बुधाजीनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग शेठकडे तोंड करून, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाला, "'घरी एक भांडं आणलंय तांबटाकडून. किती टिचक्या मारा, वाजत नाही. म्हाताऱ्यानं फुटकं गळ्यात बांधलं.'"

शेठ हसला. खांबाला धरून हसला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. माझ्या पाठीत धपका मारून म्हणाला, "काम तुझं! माझ्यावरचं सगळं गाळायचं. भांड्याचं ठेवायचं. पण आता मोठ्यानं म्हणायचं. मुंबई-पुणं हसलं पाहिजे!"

बुधाजीनं पागोटं नीट केलं, शेठला रामराम घातला आणि चालू लागला. मला घातला नाही.

सोमवार, १५ फेब्रुवारी

काम मिळालं. आनंद व्हायला हवा. होत नाही.

लग्न झालं तेव्हा मैना बोलायची की! इतकी बोलायची की मी म्हणायचो, बाई, जरा श्वास घे. आळीतल्या हकिकती सांगायची, कोण कुणाला काय म्हणालं, नकला करून. माझ्यापेक्षा बरी नक्कल करायची — हे मी कधी कबूल केलं नाही. केव्हा बंद झालं? आज बोटं मोजली. दोन दिवाळ्या. "सायकल" लागलं त्या साली. मला वाटलं, संसार जुना झाला की बायका गप्प होतात. मला लाज वाटली. हे इथं लिहितो, कारण दुसरीकडे कुठं कबूल करायची सोय नाही.

खरं सांगायचं तर ते वाक्य मनातलंही नव्हतं. त्या दिवशी शेठवरच्या शिव्या संपल्या आणि तोंड चालू ठेवायचं होतं. बस, एवढंच.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

धीर करून विचारलं. "ते चित्र तू पाहिलं होतंस?"

"तीनदा."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

ती तांदूळ निवडत राहिली. मग मी बोलपटाचं सांगितलं. ते वाक्य शेठला हवंय. नाही म्हटलं तर काम जाईल, येवल्याला जावं लागेल. तू म्हणशील तसं करतो. ती म्हणाली, "म्हणा की. ओठांनी म्हणून झालंय. आता आवाजानं म्हणा."

चला, म्हणजे हरकत नाही. बाई समजूतदार आहे.

शनिवार, २७ फेब्रुवारी

यंत्र आलं. आज चाचणी. खरं शूटिंग १० मार्चला.

काय थाट त्या यंत्राचा! त्याला सोवळं लागतं. कुणी खोकायचं नाही, चपला बाहेर. कावळे हाकलायला दोन माणसं छपरावर चढवली, तर तीच दोघं वर भांडायला लागली. नायकानं "प्रिये" म्हणताच मुंबईचा साहेब कानाला लावलेली डबडी काढून बघायला लागला — बिघडली की काय!

मग माझी पाळी. भांड्याचं वाक्य मी खणखणीत म्हटलं. सगळे हसले. कावळे हाकलणारेसुद्धा हसले. शेठनं मिठी मारली.

इसाक हसला नाही. "भाभी को मालूम है?"

म्हटलं, मालूम आहे. म्हणा म्हणाली.

"हमारे घर में भी औरतें ऐसाइच बोलती हैं — बोलो. फिर मायके जाती हैं."

घरी आलो. दाराला कुलूप. किल्ली शेजारच्या चतुराबाईंकडे. त्या म्हणाल्या, "वडिलांकडे गेली. भांडीकुंडी सगळी ठेवून गेलीय. म्हणाली, त्यांना टिचक्या मारून बघायला लागतील."

सोमवार, २९ फेब्रुवारी

स्वतः भात केला. भातानंही तोंड फिरवलं.

मंगळवार, १ मार्च

तांबट आळीत गेलो. नवा कोट घालून. तोच चुकला बहुतेक.

आळीत दोन्ही बाजूंनी ठोके. मी बुधाजीच्या माडीखाली उभा राहून हाका मारल्या. "मैना, खाली ये! घरी चल! चुकलं माझं!" माझा आवाज मलाच ऐकू येईना. बोलपटाचा नट, आणि पंधरा हातांवर आवाज पोचत नाही! हंड्याला ठोके घालणारे माझ्याकडे बघत होते, हात न थांबवता.

मैना खिडकीत आली. शांत. माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलली. नुसते ओठ. तीन शब्द, फार तर चार.

ठोके थांबले. आळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. कारण सगळे हसत होते. म्हातारे हसत होते, माडीवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. इतकं कधी माझ्या कुठल्या चित्राला हसले नव्हते. आणि मी खाली उभा, तोंड वर करून, मूर्खासारखा. पाटी नाही, पाटी वाचणारा नाही.

बुधाजीला विचारलं, "मामा, काय म्हणाली ती?"

"ती तुमच्याशी बोलली, जावईबापू. आम्ही मधे कशाला पडू? पडायचं काम तुमचं."

बुधवार, २ मार्च

काय म्हणाली असेल? जेवण जात नाही.

शुक्रवार, ४ मार्च

आपण नकलाकार आहोत की नाही? एकदा पाहिलेलं तोंड विसरत नाही मी. आरसा घेऊन बसलो. पहिल्या अक्षराला तिचा खालचा ओठ वरच्या दातांना लागला होता. पुढे सगळं उघड्या तोंडानं. ओठ एकदाही मिटले नाहीत. म्हणजे "मेल्या" नाही, "माकडा" नाही, "बेशरम" नाही. मला शोभतील अशा बहुतेक शिव्या बाद झाल्या.

"वेडा" करून बघितलं. जमत नाही. तिचा जबडा खाली गेला होता.

रविवार, ६ मार्च

शेठचा निरोप — गुरुवारी सकाळी आठला हजर राहा, गळ्याला जप, आंबट खाऊ नकोस. गळ्याची केवढी काळजी!

इसाक आला होता. मी आरशासमोर तोंड वेडंवाकडं करतोय हे बघून आल्या पावली परत गेला.

मंगळवार, ८ मार्च

सापडलं. दाढी करता करता आपोआप ओठ जुळले.

"वाजलं का आता?"

वाजलं.

शेठला चिठ्ठी धाडली — ते वाक्य काढा, नाहीतर मला काढा. दुपारच्या आत उत्तर आलं. मला काढलं.

उद्या तांबट आळीत जायचंय, जुन्याच कोटात. काय बोलायचं ते आरशासमोर बसवतोय. आवाज लावायचा नाही.