बीमचा गंज आणि काकूंचा गंज

आई, गेले चार दिवस माझ्या चहात तुझं स्वयंपाकघर पडतंय. मी कप सरकवते, छत नेम बदलतं. भोसरीत राहून धुराची, हॉर्नची, टँकरच्या पाण्याची कधी तक्रार केली नाही. पण आल्याच्या चहात सिमेंट? माणसाने सोसायचं तरी किती!

ओट्यावरच्या बीममधल्या सळया गंजून फुगल्यात. इंजिनिअर मुलगी आली, तू कलिंगड ठोकायचीस तसा तिने हातोडीने बीम ठोकला आणि तुझ्यासारखंच तोंड वाकडं केलं. "आतला गंज काढावा लागेल, मावशी." दारात समोरच्या काकू उभ्या. त्या वर्ध्याकडच्या, त्यांच्यात गंज म्हणजे पातेलं. लगेच म्हणाल्या, "काढा बाप्पा, माहा गंज बी निघन!" तू नेलेल्या त्या पातेल्यापायी तुम्ही दोघी शेवटपर्यंत बोलला नाहीत. 'परत दिलंय' हे तुझं, 'नाही दिलं' हे त्यांचं. आम्ही पोरं अर्थात तुझ्या बाजूने. संक्रांतीला त्यांचा तिळगूळसुद्धा संशयाने खायचो.

मुलीने समजावलं: सैल काँक्रीट फोडायचं, जुन्या सळया घासायच्या, नवा थर भरायचा. मग बीमच्या पोटाला लांब चर पाडून त्यात इपॉक्सी भरायचं आणि कार्बनच्या सळया दाबून बसवायच्या. परकराच्या नेफ्यात नाडी असते ना, तसं. सळई हातात घेतली तर छत्रीच्या काडीइतकी हलकी. "ही बीम धरणार?" "धरणार. आणि हिला गंज चढत नाही. पण आधी ओझं उतरवा, तो माळा रिकामा करा."

माळ्यावरून तुझे बिनशिट्टीचे कुकर निघाले, बरण्या निघाल्या आणि अगदी मागून, फडक्यात गुंडाळलेला पितळी गंज. बुडाशी काकूंचं नाव कोरलेलं. विसरली असशील, असं म्हणणार होते. पण भांडण माझ्या लग्नाआधीचं आणि फडकं माझ्या लग्नात तू नेसलेल्या साडीचं. म्हणजे तुला तो सापडला होता, बाई! सापडला, आणि समोरचं दार ओलांडायचं धाडस झालं नाही.

काल चिंचेने घासून लख्ख केला. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून शिरा भरला आणि नेऊन दिला. काकूंनी बुडाचं नाव बोटाने चाचपलं. "कुठी होता?"

"माळ्यावर, पार मागे. आईला ठाऊकच नव्हतं."

"ठाऊकच नव्हतं? अन् मी तिले काय काय बोलली!" त्या पदर डोळ्यांना लावून बसल्या. मी शिऱ्यात काजू कमी पडलेत का, ते बघत राहिले.

फडकं माझ्याकडेच ठेवलंय. हे पत्र मात्र फाडावं लागेल. उद्या मी काकूंना बीम बघायला बोलावलंय आणि त्यांना चष्म्याशिवाय वाचता येतं.