काठावर थांबायचं

आप्पा, गेल्या रविवारी मी काकांच्या नातवाला नापास केलं. तुम्ही गेलात तेव्हा काकांचं लग्नसुद्धा झालं नव्हतं, त्यामुळं हा पोरगा तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. उंच आहे, तुमच्यासारखाच खांदे पुढं काढून चालतो आणि तालमीत लावलेल्या तुमच्या फोटोला हात जोडल्याशिवाय लाल मातीत पाय ठेवत नाही. शहरात एका कारखान्यात नोकरीला आहे, सुट्टी असली की रताळी काढायला शेतात असतो. आता प्रत्येक गावात थोडी शिकलेली माणसं तयार असावीत, असं सरकारच्या मनात आलंय. आग लागली, कुणी विहिरीत पडलं, रस्त्यावर गाडी उलटली, तर बंब आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांनी सांभाळायचं. त्यासाठी स्वयंसेवकांना रीतसर प्रशिक्षण देतात. आपल्या गावातून पहिलं नाव ह्या पोरानं दिलं. शिकवणारी मी आणि परीक्षा घेणारीही मीच.

मी शहरात कॅम्पातल्या शाळेत खेळाची बाई आहे, आप्पा. गळ्यात शिट्टी असते आणि आवाज तुमच्यावर गेलाय. हे प्रशिक्षणाचं काम मी हौसेनं घेतलं. अग्निशमनातले एक साहेब येतात, ते कानडीत सांगतात आणि खेड्यातल्या पोरांसाठी मी तेच मराठीत सांगते. तुम्हाला ऐकून हसू येईल, पण आता धावून जायलाही अटी आहेत. वय बसलं पाहिजे, डॉक्टरचा दाखला पाहिजे, हजेरी भरली पाहिजे. दोराची गाठ डोळे मिटून मारता आली पाहिजे. रबरी बाहुल्याची छाती कशी दाबायची, जखमी माणसाची मान न हलवता त्याला स्ट्रेचरवर कसं घ्यायचं, पेटलेल्या कढईत पाणी का ओतायचं नाही, भाजलेल्या हाताला टूथपेस्ट का चोपडायची नाही, हे सगळं करून दाखवायचं. नळी हातात दिली की पोरं ज्वाळेच्या शेंड्यावर पाणी मारतात आणि बूड तसंच जळत राहतं. मी त्यांना म्हणते, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं करू नका. एवढं करून पास झालं तरी काही वर्षांनी पुन्हा येऊन परीक्षा द्यायची. परवा एक पोरगा वैतागून म्हणाला, "मॅडम, आग काय आमचा दाखला बघून थांबत्या व्हय?" मी म्हटलं, ती थांबत नाही म्हणूनच तुला थांबायला शिकवायचंय.

कारण पहिला धडा तोच आहे. साहेब रोज सकाळी मोठ्यानं म्हणतात, "मोदलु निल्ल्री." म्हणजे आधी थांबा. धूर असो, विहीर असो, तुटलेली तार असो, काठावर थांबायचं. हाक मारायची. ओ येते का ऐकायची. ओ आली नाही तर आतली हवा वाईट आहे असं धरून चालायचं. मागं धावत येणाऱ्यांना अडवायचं, बंबाला फोन करायचा आणि अंगावर हवेची टाकी व कमरेला दोर असल्याशिवाय आत उतरायचं नाही. हे मराठीत सांगायची वेळ आली की मी दरवेळी जरा अडते. पोरांना वाटतं, मॅडम दम घेतायत.

तिथं तुम्ही आडवे येता, आप्पा. मी चौथीत होते, कोपऱ्यावरच्या घराची गवताची गंजी पेटली होती. सगळी गल्ली घागरी घेऊन धावत होती आणि मी हातातली पाटी छातीशी धरून ज्वाळा बघत उभी होते. तुम्ही धावता धावता वळलात. तुमचा चेहरा तापून लाल झालेला मला अजून दिसतो. "बघत काय उभी ऱ्हायलीस? काठावर उभं ऱ्हाऊन बघतंय ते माणूस न्हवं," असं म्हणालात आणि परत धुरात गेलात. त्या संध्याकाळी तुमच्या उजव्या हाताला फोड आले होते. चुलीपुढं बसून आई तुमच्या हातावर तांब्यानं पाणी सोडतेय आणि तुम्ही डाव्या हातानं भाकरी मोडून खाताय. मध्येच एक तुकडा माझ्या तोंडात भरवताय. रागावला होतात ते विसरूनही गेला होतात. मी मात्र विसरले नाही. पुढं जन्मभर कुठं काही झालं की मी आधी धावायचे आणि मग विचार करायचे.

नंतर तो उन्हाळा आला. विहिरीचं पाणी तळाला गेलं म्हणून शेजाऱ्यांनी डिझेलचं इंजिन खाली कपारीवर उतरवून ठेवलं होतं. सकाळभर ते चाललं, मग बंद पडलं. शेजारी बघायला उतरला आणि तिथंच कलंडला. तुम्ही आपल्या वावरात होता. ओरडा ऐकून आलात, चप्पल काठावर काढलीत आणि दोर न बांधता खाली गेलात. इंजिनाचा धूर डोळ्यांना दिसेनासा होतो पण त्यातलं विष खाली साठून राहतं, दोन श्वासांत पाय गळतात, हे आज मी फळ्यावर चित्र काढून शिकवते. तेव्हा आख्ख्या गावात ते कुणाला ठाऊक नव्हतं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं म्हणतात. विहिरीत मागचाही त्याच ठेचेनं जातो.

आई आणि काका तुमच्या मागोमाग धावत आले होते. तिसरे उतरायला निघाले ते काका. आईनं त्यांना धरलं. सदरा धरला तर तो फाटला, मग तिनं त्यांच्या पायांना मिठी घातली आणि दोघं काठावर पडली. काका तिला लाथा मारत होते, भावाच्या नावानं ओरडत होते, तिनं सोडलं नाही. त्या झटापटीत तिच्या बांगड्या फुटल्या. मी शाळेतून पळत आले तेव्हा ती चिखलात बसली होती, मनगटातून रक्त येत होतं आणि मुठीत काकांच्या सदऱ्याची बाही होती. दुपारी शहरातून बंब आला. तोंडाला नळी लावलेला एक माणूस दोरानं खाली गेला आणि तुम्हाला दोघांना त्यानं वर आणलं. गावानं तुमचा फोटो तालमीत लावला, दरवर्षी हार घालतात, शाळेतल्या पोरांना तुमची गोष्ट सांगतात. आईची गोष्ट नळावरच्या बायकांनी सांगितली. नवरा आत असताना हिनं दिराला धरून ठेवलं. नवरा वर यायच्या आधीच हिनं बांगड्या फोडल्या. काका तर पुढं कितीतरी वर्षं तालमीच्या कट्ट्यावर बसून सांगायचे, "वैनीनं धरलं न्हायतर म्या भावाला वर आणला असता." ती कुणाला काही बोलली नाही. हार घालायच्या दिवशी तिला कधी कुणी बोलावलं नाही आणि तीही गेली नाही. त्या दिवशी ती शेतात जाते.

आता परीक्षेचं सांगते. मैदानामागं एक जुना कोरडा हौद आहे, त्यात आम्ही बाहुला टाकतो, वर ओल्या पाल्याचा धूर करतो आणि एकेकाला सोडतो. आपल्या पोराची पाळी आली. शिट्टी वाजली तसा तो सुटला आणि धावत येऊन सरळ हौदात उडी मारली. हाक नाही, दोर नाही, मागं वळून बघणं नाही. बाहुल्याला खांद्यावर टाकून वर आला तेव्हा सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबसुद्धा हसले. तो माझ्याकडं बघत होता. मला तो क्षणभर तुम्हीच वाटला, आप्पा, आणि मला रडू आलं. मग मी त्याला सांगितलं, तू आता मेलास, तुझ्यामागं येणारा दुसराही मेला, पुढच्या तुकडीत पहिल्या दिवसापासून ये. त्यानं बाहुला खाली ठेवला आणि मोटारसायकल काढून गेला.

आज काकांनी घरी बोलावून घेतलं. जुन्याच सोप्यात ते खुर्चीवर बसले होते, आता त्यांना काठीशिवाय उठवत नाही. पोरगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. आई खाली बसून रताळी निवडत होती, किडकी एकीकडं आणि चांगली पाटीत. काकांनी चहासुद्धा येऊ दिला नाही. घराण्याचं नाव घालवलंस, पोराला चारचौघांत खाली बघायला लावलंस, तुझ्या बापाचा फोटो बघून तो ह्या कामात आला आणि तू त्याला भित्रेपणा शिकवतीस, असं बरंच बोलले. मी त्यांना इंजिनाचा धूर, हवेची टाकी, सगळं समजावून सांगू लागले. त्यांनी काठी आपटली. "आपल्या घरात काठावर उभं ऱ्हायलेला माणूस न्हाय," म्हणाले.

आईनं मान वर केली नाही. हातातल्या रताळ्याची माती अंगठ्यानं काढत म्हणाली, "तुमी ऱ्हायलासा की, भावजी. म्हणून हे प्वार हाय."

काका तिच्याकडं बघत राहिले. पोरगा चौकटीपासून सुटून आत आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. त्यानं विचारलं, "आज्जी, तुला तवा कसं कळलं?" आप्पा, इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला मीही कधी विचारला नव्हता, आणि शिकवायचं काम मी करते.

"मला काय कळतंय," ती म्हणाली. "मी हाक मारली. लई बार मारली. त्येंनी माझ्या हाकेला ओ दिली न्हाय असं कवाच झालं नव्हतं. वरच्या शिवारात असलं तरी द्यायचे. मग म्हटलं, आता आत कोण न्हाय. उरलंय त्येला तरी कसं सोडू?"

एवढंच बोलली आणि पुन्हा निवडायला लागली. हाक मारायची, ओ येते का ऐकायची, मागच्याला अडवायचं. मी जे मैदानावर शिट्टी वाजवून शिकवते ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला फक्त तुमची ओ ठाऊक होती. आणि त्यावर तिनं आपल्या पोटच्या पोरीचा बाप गेला असं धरून दुसऱ्याला वाचवलं. काका काठी टेकत उठले, तिच्यापुढची भरलेली पाटी उचलायला वाकले. पोरगा पुढं झाला तर त्याला हातानं मागं सारलं आणि ती पाटी स्वतः पडवीत नेऊन ठेवली. एकदा भिंतीला टेकले, पण पाटी सोडली नाही. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "व्हय, वैनी." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, चहा टाक गं, सगळ्यांचा घसा कोरडा झालाय.

पुढच्या वेळी पोरांना तुमची गोष्ट मी सांगणार आहे, आप्पा. तुम्हाला कमी लेखणार नाही. तुमच्याइतकं कुणी कुणासाठी धावलेलं मी बघितलं नाही, आणि तुमचा मला अभिमान आहे तसा रागही आहे, तो आज पहिल्यांदा लिहितेय. चप्पल काढायला थांबलात तेवढ्या वेळात एक हाक मारता आली असती. पण तुमच्यानंतर लगेच मी आईचं नाव घेणार आहे. परीक्षेत पास झालेलं त्या दिवशी त्या काठावर एकच माणूस होतं, हे तिला पहिल्या रांगेत बसवून सांगणार आहे. ती येईल की नाही माहीत नाही. शेतात जाईन म्हणेल. मग मी दुसरा दिवस ठरवीन.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि घरात कुणाला दाखवायचंही नाही. खाली राहिलंय ते लिहून घडी घालते. मघाशी पोरगा मला मोटारसायकलवरून स्टँडला सोडायला आला. पुढच्या तुकडीत नाव घाल म्हणाला. बस लागल्यावर त्यानं विचारलं, "आत्ती, तू असतीस तर थांबली असतीस?" मी परीक्षेच्या आवाजात म्हटलं, "व्हय." त्याला ते पटलं. त्याला पटायलाच पाहिजे होतं.

मी थांबले नसते, आप्पा. आईला एका हातानं काकांना आणि दुसऱ्या हातानं मला धरावं लागलं असतं.