योगराजच्या दारावर

चिरंजीव वनाभाऊस शिरपूरहून थोरल्या बहिणीचा, झुंबरबाईचा, डोक्यावर हात. तब्येत कशी शे? गुडघ्याला तेल लावतोस का? मी बरी. बरी कसली, ह्या वयात माझी रेकॉर्ड निघतेय! फोनच केला असता, पण योगराजचं नाव काढलं की तू फोन ठेवतोस. म्हणून हा कागद.

परवा नात पुनमनं मोबाइलवर वाचून दाखवलं, की तीस वर्षं अहिराणी गाण्यांवर लोकांना नाचवणारी योगराज-वना जोडी धुळ्याच्या स्टुडिओत शेवटचा अल्बम काढतेय. शेवटचा? अरे, गळा चालतोय तोवर माणूस शेवटचा म्हणेल कशाला? (तुम्ही तर घसा बसल्यावरही गायलात.) मी समजले, योगराजचं काही खरं नाही. तुला कळणार कुठून? नरडाण्याच्या हळदीत त्याला टॉवेल-टोपी आधी दिली, तुला नंतर, तेव्हापासून तुमचं बोलणं बंद. दोन वर्षं झाली, एका टोपीपायी! आणि ती टोपी तरी कशी, पहिल्या धुण्यात आखडली म्हणे.

तशीच एसटीनं धुळ्याला गेले. स्टुडिओच्या दाराबाहेर चपलाच चपला. वर लाल दिवा लावलेला. दार ढकललं तर माणसं गपचूप उभी, आणि तुम्हा दोघांच्या मोठ्या फोटोला हार. (तो मुहूर्ताचा, हे मागून कळलं.) तू जिवंत होतास, कारण सकाळीच तुझी ताईबाई फोनवर म्हणाली, भरताला मीठ कमी म्हणून ह्यांनी ताट सरकवलं. म्हणजे गेला तो योगराज. मयताच्या दारावर गेलं की रडायचं असतं, मी उंबऱ्यातूनच सूर धरला. त्याचे बठ्ठे गुण एकेक करून म्हटले, नसलेलेही म्हटले. तेवढ्यात काचेमागून योगराजच बाहेर आला, कानांना काळ्या वाट्या लावून! मी किंचाळले. तो डोळे पुसत म्हणतो, “अक्का, थांबू नको, अजून म्हण.”

पुढचं मला अजून उमगलं नाही. योगराज एकटाच गातो, गाण्यात सवाल करतो आणि जबाबाच्या जागी गप्प उभा राहून मान हलवतो. मशीनवाले हितेंद्रभाऊ सांगतात, वनाभाऊ वेगळ्या दिवशी येऊन त्या जागा भरतील. म्हणजे नवरा सोमवारी बोहल्यावर आणि नवरी गुरुवारी! नऊ गाण्यांत तुझ्या जागा रिकाम्या आहेत. शेवटचा का रे, विचारलं, तर योगराज म्हणाला, जोडीच राहिली नाही, पुढचा कोणाबरोबर काढू?

लाल दिवा म्हणजे मशीन चालू असतं म्हणे. माझं रडणं सगळं आत गेलं, आता शेवटच्या गाण्याआधी लावणार आहेत. चौथी शिकलेल्या बाईचं नाव अल्बमवर येणार, सांग तुझ्या भुसावळात!

तुझी अक्का

ता. क. गुरुवारी धुळ्याला ये. योगराज दहापासून बसून राहणार आहे.

अजून एक राहिलं. रडताना मी म्हटलं होतं, “योगराज रे, तुझ्या दुःखानं माझ्या वनानं भरलं ताट सरकवलं.” ताट सरकवलं हे खरंच आहे. मिठाचं तेवढं बोलले नाही. योगराज पुन्हापुन्हा तेवढंच लावून ऐकतो.

हे पुसता येतं का, मी हितेंद्रभाऊंना विचारलं. येतं म्हणाले. मी पुसू दिलं नाही. गुरुवारी जेवून येऊ नकोस.