दुधाच्या भुकटीतला वाटा

१२ जानेवारी

लाडक्या पिटुकल्यास,

ताईचा पोटभर आशीर्वाद. घरची मंडळी मजेत असतील. शाळेची पोरं तुला 'उशीकाका' म्हणतात, हे तुझ्या लेकीनं कळवलं. बस चालवायला अजून सीटवर दोन उशा लागतात वाटतं! मी मशीनवर बसून इतकी हसले, की गिऱ्हाइकाची बाही उलटीच शिवली.

माझी खबर अशी, की मला साखर निघाली. घाबरू नकोस, गोड सोडलंय आणि तोंड वाकडं करून का होईना, गोळ्या घेते. पण ती कळली कशी, ते ऐक. दुष्काळात आपण ज्या छावणीत होतो, तिथली मुलं आता कशी आहेत, हे बघायला डॉक्टरांचं एक पथक आलंय. इतक्या वर्षांनी आपली आठवण झाली बघ! उंची, वजन, रक्त, मुठीतला जोर, सगळं मोजतात. मुठीच्या जोरात मी पहिली आले. जन्मभर कात्री चालवलीय, चेष्टा आहे का!

त्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लहानपणी उपाशी राहिलेल्यांत साखर जरा जास्तच दिसतेय. तान्हेपणी छावणीचं दूध नीट मिळालेल्यांना त्याचा पुढे फायदा झाला का, तेही बघायचंय." मग तुझी माहिती भरायला घेतली. तू तेव्हा दीड वर्षाचा. "भावाला दुधाचा वाटा पुरता मिळायचा?"

मी त्यांना त्यांच्या खिडकीचे पडदे किती आखूड शिवलेत, ते सांगत बसले.

तुलाही मघापासून इकडचं तिकडचंच सांगतेय ना? बरं, लिहून टाकते.

डबा आणायचं काम माझं होतं. भुकटी फक्त दोन वर्षांखालच्यांना मिळायची. आम्हा बाकीच्यांना दिवसातून एकदा पळीभर पातळ पेज. रांगेतून तंबूपर्यंत येताना मी रोज तुझ्या डब्यातली दोन मुठी भुकटी खायचे. टाळूला चिकटलेली जिभेनं सोडवायची, तोंड पुसायचं आणि आईसमोर उभं राहायचं. आई पाणी घालून ढवळायची आणि म्हणायची, "आजही पातळच झालं."

पुढे लोक तुला ठेंगू म्हणायचे आणि सगळ्यांच्या आधी तूच हसायचास. मला हसू यायचं नाही. तुझे सगळे शर्ट मी हट्टानं शिवत आले, ते नुसत्या मायेपोटी नव्हे रे.

शेवटी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही किती वर्षांच्या होतात?"

"सात."

"याच खुर्चीत तुमच्यासारखे अकरा ताई-दादा रडून गेलेत," त्या म्हणाल्या. "एका माणसाची उंची कशानं खुंटली, ते मला सांगता येणार नाही. पण हे लपवलंत तर आमचा हिशेब चुकेल."

तुलाही बोलावतील. आई सगळ्यांना सांगायची तसं 'पुरता मिळाला' म्हणू नकोस, खरं ते सांग. आणि साखर तपासूनच ये, तुला माझी शपथ आहे. रागावलास तर खुशाल रागाव, पण गप्प बसू नकोस.

उत्तराला भिणारी,
तुझी चोर ताई


२ फेब्रुवारी

ताई,

वाकून नमस्कार. मला फारसं वाकावं लागत नाही, ते सोड.

तपासून आलो. साखर काठावर आहे, म्हणून रोज बस लावली की तासभर चालतो. उंची पाच फूट पाऊण इंच. नर्स नुसतं पाच फूट लिहीत होती, मी पाऊण इंचासाठी भांडलो.

भुकटीचं मला वीस वर्षांपासून ठाऊक आहे. शेवटच्या आजारपणात आईनंच सांगितलं. तुझ्या ओठांच्या कडेला रोज पांढरं दिसायचं म्हणे. मी विचारलं, "मग तिला रागावली का नाहीस?"

आई म्हणाली, "रागावले असते, तर तिनं खायचं थांबवलं असतं. मग तिच्या पोटात मी काय घातलं असतं?"

हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. आधी धीर झाला नाही, आणि नंतर वाटलं, तू विसरली असशील. चुकलंच माझं.

डॉक्टरीणबाईंना मी सांगितलं, तो डबा आम्हा दोघांचा होता. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

रविवारी येतोय. आधी चालून येऊ, मग एका ताटात जेवू. पहिला घास तू घ्यायचास, माझ्यासमोर, तोंड न पुसता.

तुझ्या कडेवर वाढलेला,
पिटुकल्या